पावणेसोळा

पेटी उघडली तसे ताता म्हणाले, हे एवढंसं बोंडूक?
आणि ह्याच्यापायी तीन फाटकांची मजुरी घातलीस, एर्लिंदा?

मी बोलले नाही. एल आल्तोत सकाळी सातला
पाने हाताला डसतात,
बोलायचं ते उन्हं आल्यावर.

आमची फोक्सवॅगन. इथे तिला पेता म्हणतात, म्हणजे कासव.
जॅकवर चढवली. चारही नळ्या जिथे एक होतात
त्याच्या जरा पुढे खडूने फुली केली.
आधी बारीक बिट, मग जाड, मग पायऱ्यांचा;
लोखंडाचा कीस बाहीतून काखेत गेला.

आडवी लाव की, हात पोचेल अशी, ताता म्हणाले.
आडवीत पाणी साचतं.
धूर गार होताना घामतो, ताता,
आणि तापल्या सिरॅमिकवर एक थेंब पुरतो.
घड्याळात दहाला काटा असतो तशी तिरपी हवी.
मग अठराची बांगडी वेल्ड केली, चौफेर,
आट्यांना तांब्याचं ग्रीस. टोकाला नाही.

पण नळीत घालण्याआधी
तिला मोकळी हवा दाखवावी लागते.
अंगणात वायरीला धरून उभी राहिले.
आतला हीटर तापला, तो निळा दिवा लुकलुकला.
ही हवा, तिला सांगितलं. चार हजार मीटरवरची,
विरळ, मिनीबसच्या धुराची.
ह्यालाच पूर्ण समज.

ताता आजवर नाकाने कार्बुरेटर लावत आले.
पाईपमागे उकिडवे बसायचे, डोळे मिटून,
स्क्रू पाव आटा इकडे, केसभर तिकडे,
आणि म्हणायचे, आता पोट भरलं हिचं.
इंजिन सुरू केलं. गेजवर साडेतेरा.
ताता हसले.
बारा वर्षांनी मशीन आलं, तेही माझंच ऐकायला!

ला कुंब्रेच्या खिंडीत तेरा. वर गेलं की जड होणारच,
ताता म्हणाले, आणि घोटभर अल्कोहोल
आधी मातीला दिलं, मग चारही चाकांना.

मग उतार. ढग, नेचे, कानात दडे,
योलोसाला स्वेटर निघाले.
पाच पोती संत्री घेतली. मी म्हटलं, स्वस्त आहेत.
रेंबेर्तोनंही त्या दिवशी पाचच भरली होती.

परतीच्या चढाला तिसरा गिअर, पाय तळाशी.
चौदा. पंधरा.
साडेपंधरा.
पावणेसोळा, आणि आकडा तिथेच बसला, लाल.

खालची हवा दाट असते, जेट मात्र वरचेच,
आमच्या अंगणात लावलेले, नाकाने, अचूक.
इंजिन उपाशी जळत होतं.
मी पाय काढायला हवा होता. काढला नाही.
काढ, ताता म्हणाले. अगं, काढ पाय.

चुस्पिपाताच्या अलीकडे, ह्याच चढावर,
तिसऱ्या सिलिंडरच्या पिस्टनला भोक पडलं होतं.
रेंबेर्तो एकोणीसचा. ताता चारचौघांत म्हणाले,
गाढवाचा पाय आहे तुझा.
दोन वर्षं राबून त्यानं इंजिनचे पैसे फेडले,
शेवटची नोट टेबलावर ठेवली, आणि साओ पाउलोची बस धरली.
तिथे तळघरात जीन्स शिवतो.
फोन करतो तो मला.

गाडी कडेला घेतली. ताता उतरले नाहीत लगेच.
विझलेल्या गेजकडे बघत राहिले,
जसा एखादा बोलता बोलता थांबलाय.
मग कप्प्यातून जेटांची डबी काढली,
बोटाने ढवळत राहिले, एकेक डोळ्याशी नेऊन,
आकडे बारीक, चष्मा घरी.
तूच बघ, म्हणाले. मोठ्या भोकाचा दे.

बदलेपर्यंत संत्र्यांचा वास गाडीभर झाला होता.
तिकडे किती वाजले असतील आता?
एक तास पुढे, ताता.
मग सुटला असेल कामावरून.
इथे घाटात फोन लागत नाही, मी म्हटलं.

वर लागतो, ते म्हणाले. कुंब्रेला.